जीपचे इंजिन : आधीचे कोणते, नंतरचे कोणते

(कोल्हापुरात मेकॅनिक आणि तंत्रशिक्षणाचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, उद्यमनगरात फौंड्री आणि मशीन शॉप हाताशी असल्यामुळे आपल्याकडे जुन्या जीपचे इंजिन सहसा भंगारात जात नाही. ते पुन्हा बोअर होते म्हणजे त्याचे सिलिंडर कातून मोठे होतात, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड होतो आणि गाडी पुन्हा पन्हाळ्याचा घाट चढते. मात्र या दुरुस्त्यांच्या ओघात एका इंजिनाचे भाग दुसऱ्यात गेलेले असतात. म्हणून भाग बसला एवढ्यावरून तो त्याच इंजिनाचा आहे, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीज कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्या हाताखाली घडलेले ‘गो-डेव्हिल’ आणि त्यानंतरचे ‘हरिकेन’ या दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३⅛ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४⅜ इंच, म्हणजे क्षमता सुमारे २,१९९ सीसी. बहुतेक गोंधळाचे मूळ या सारखेपणात आहे. पहिल्यात इनटेक (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) हे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असतात. त्यामुळे हेड अगदी सपाट असते आणि प्लग त्यावर उभे दिसतात. दुसऱ्यात, ज्याला एफ-हेड म्हणतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिला, पण इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला. साहजिकच तो वरचा व्हॉल्व्ह उघडायला पुश रॉड आणि रॉकर आले, वर व्हॉल्व्ह कव्हर आले आणि इनटेकची वाट हेडमध्येच ओतली गेली. इंजिन उंच झाले म्हणून सीजे-३बी या जीपचे बॉनेटही उंच करावे लागले. महिंद्रची जी जीप आपण वर्षानुवर्षे पाहिली, तिचा उंच चेहरा या हेडमुळे आहे. ही दोन इंजिने ओळखायला बॉनेट उघडले की पुरे.

खरी कसोटी लागते ती गो-डेव्हिलच्याच आधीच्या आणि नंतरच्या आवृत्त्यांत. युद्धकाळातील इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टायमिंग चेनवर चालत असे. पुढे सीजे-२ए या युद्धानंतरच्या नागरी जीपच्या उत्पादनकाळातच चेन जाऊन टायमिंग गिअर आले. बाहेरून फरक फारसा जाणवत नाही, पण आत एक मोठी गोष्ट बदलली. चेनमुळे कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो, तर दोन गिअर थेट एकमेकांत अडकले की तो उलट फिरतो. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) मात्र दोन्हींत १-३-४-२ हीच आहे. ती तशीच राखायची तर उलट फिरणाऱ्या कॅमवरील लोबची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यांची) मांडणी वेगळी करावी लागते. शिवाय कॅमशाफ्ट ऑइल पंप फिरवतो आणि पंपाच्या शाफ्टवरून डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) फिरतो. डिस्ट्रिब्युटरची दिशा कायम ठेवायची म्हणून पंपाच्या गिअरच्या दात्यांचा तिरपेपणा उलटा केला गेला. दोन्ही पंप टेबलावर शेजारी शेजारी ठेवा : एकाचे दाते डावीकडे झुकलेले, दुसऱ्याचे उजवीकडे. बाकी अंगलट इतकी सारखी की दुकानदाराने पुडा बदलला तर कळणारही नाही.

पुढचे कव्हर न काढता हे ओळखायचे असेल, तर ब्लॉकच्या बाजूचा फ्युएल पंप सोडवावा आणि हँडलने इंजिन हळू फिरवत त्या भोकातून कॅमची दिशा पाहावी. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटर पाहण्यात अर्थ नाही, तो दोन्हींत एकाच बाजूला फिरतो. मला ही युक्ती कागदावरच्या पार्ट नंबरपेक्षा अधिक भरवशाची वाटते, कारण आत काय घातले आहे ते नंबर सांगत नाही.

फ्लायव्हीलबद्दल थोडक्यात. त्याच्या कडेच्या दातेरी कड्याला, म्हणजे रिंग गिअरला, आधी ९७ दाते, नंतर १२४ आणि बारा व्होल्टच्या काळात १२९. स्टार्टरचा गिअर याच दात्यांत अडकतो, म्हणून स्टार्टर घेण्यापूर्वी दाते मोजावेत.

शेवटी इंजिन नंबर. तो ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. एफ-हेडच्या नंबरापुढे ‘ए’ असेल तर मेन आणि कॉनरॉड बेअरिंग कारखान्यातूनच दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश) अंडरसाइज, ‘बी’ असेल तर पिस्टन दहा थाऊ ओव्हरसाइज, आणि ‘एबी’ म्हणजे दोन्ही. परंतु ही अक्षरे फक्त कारखान्याची कहाणी सांगतात. त्यानंतर क्रँक किती वेळा ग्राइंड झाला, याची नोंद त्या उंचवट्यावर कोणी करत नाही. त्यामुळे बेअरिंगची ऑर्डर देण्याआधी क्रँकच्या प्रत्येक जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) मायक्रोमीटर लावावा, आणि तोही दोन काटकोनी दिशांनी, म्हणजे जर्नल अंडाकृती झाला असल्यास तेही कळेल.