मखमलीची धूळ

(दृश्य: नागपूरचा इतवारी बाजार, सकाळचे अकरा. टिकल्यांच्या पाकिटांनी भरलेली दुकानाची भिंत.)

बोट फिरवून बघा, टिकलीला मऊ लव लागते. आपण तिला मखमली टिकली म्हणतो, पण ही मखमल कुणी विणलेली नसते. पातळ शीटवर गोंद लावायचा आणि त्यावर नायलॉनचे किंवा रेयॉनचे बारीक कापलेले तंतू विजेच्या भाराने उभे रोवायचे. या तंतूंना धंद्यात फ्लॉक म्हणतात. दागिन्यांच्या डबीचं अस्तर, लग्नपत्रिकेवरची मखमली अक्षरं, साडीवरचा उठावदार छाप, सोफ्याचं कापड, सगळीकडे हीच लव.

हातात घेतली की निरुपद्रवी वाटते. डॉक्टरांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

(दृश्य: एम्प्रेस मिलची जुनी छायाचित्रं. मग त्याच जागेवरचा मॉल.)

धुळीची आणि नागपूरची ओळख जुनी आहे. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. पुढे मॉडेल मिल आली. कापूस पिंजताना, कातताना जी धूळ उडते तिचा आजार जगभरच्या गिरण्यांत ओळखीचा होता. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी खात्यात पाय टाकताच छाती आवळायची, मंगळवार-बुधवारपर्यंत जरा सैल व्हायची. पुढे पुढे ती सैल होणंच बंद व्हायचं. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. ज्या रोगांची खबर सरकारला द्यावीच लागते अशा रोगांची यादी १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. त्या यादीत सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टॉसिस या धुळीच्या दुसऱ्या आजारांच्या सोबतीला बिसिनोसिसही होता.

मिल गेली, भोंगा गेला, पण कापसाच्या धुळीचं नाव कायद्यात राहिलं. नायलॉनच्या धुळीचं नाव त्या यादीत नव्हतं.

(दृश्य: नायलॉनचा एक धागा, सूक्ष्मदर्शकाखाली.)

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड हे छोटंसं राज्य. १९९४ साली डॉ. डेव्हिड कर्न यांच्याकडे एक तरुण कामगार आला. खोकला, दम, आणि फुप्फुसाच्या आतल्या जाळीला सूज. कारण काही सापडेना. १९९६ साली दुसरा आला, तीच लक्षणं घेऊन. कुठे काम करतोस, असं विचारलं तर कारखाना तोच, नायलॉनचा फ्लॉक बनवणारा. इथे डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांनी शोध घेतला, तेव्हा सुमारे १६५ कामगारांच्या त्या कारखान्यात ८ जण आजारी निघाले. त्याच्या आधी, १९९० च्या सुमारास, कॅनडातल्या किंग्स्टन गावातही अशाच कारखान्यात काही जण आजारी पडले होते.

कंपनीला ही गोष्ट बाहेर यायला नको होती. आधीच्या एका भेटीत सही झालेला गोपनीयतेचा कागद तिने पुढे केला. डॉक्टरांच्या स्वतःच्या संस्थेनेही त्यांना थांबायला सांगितलं. त्यांनी मे १९९७ मध्ये डॉक्टरांच्या परिषदेत निष्कर्ष मांडलेच, आणि त्यांची नोकरी गेली. १९९८ साली शोधनिबंध छापून आला आणि आजाराला नाव मिळालं: फ्लॉक वर्कर्स लंग.

पण खरं कोडं वेगळंच होतं. फ्लॉकचा तंतू साधारण मिलीमीटरभर लांब आणि १० ते १५ मायक्रॉन जाड असतो; मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. इतकी जाड वस्तू नाकात आणि घशातच अडकते, फुप्फुसाच्या तळाशी पोचत नाही. म्हणूनच तो निर्धोक समजला जायचा. मग तळाशी काय पोचत होतं?

उत्तर सापडलं कापणीच्या यंत्रात. गोल फिरणारं पातं बोथट झालं की ते नायलॉन स्वच्छ कापत नाही, ओढतं आणि वितळवतं. तंतूच्या टोकाला शेपटीसारखे लोंबते तुकडे राहतात, ते तुटतात आणि हवेत तरंगतात. ते इतके बारीक असतात की सरळ वायुकोशांपर्यंत जातात. पात्याला वेळेवर धार न लावणं आणि माणसाला धाप लागणं, या दोन गोष्टींचा असा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

(दृश्य: फुप्फुसाचं रेखाचित्र. श्वासनलिका, फांद्या, द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश.)

आपल्या फुप्फुसात सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. तिथे सफाई करायला भक्षक पेशी फिरत असतात. जंतू आला की त्या गिळतात आणि पचवतात. प्लास्टिकचा कण गिळता येतो, पचत नाही. कारखान्यात ज्या गुणासाठी प्लास्टिक घेतात तोच गुण इथे नडतो: ते गंजत नाही, कुजत नाही, विरघळत नाही. पेशी चिडतात, सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली तर मऊ जाळीच्या जागी वण धरतो, आणि वणातून प्राणवायू रक्तात सहज जात नाही.

नायलॉन एकटं नाही. पीव्हीसीच्या भुकटीने फुप्फुसाला इजा झाल्याची नोंद १९७० सालची आहे. जपानमध्ये ॲक्रिलिक आम्लापासून बनलेल्या पॉलिमरची पांढरी भुकटी भरणाऱ्या कामगारांची फुप्फुसं खराब झाल्याचं तिथल्या सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलं. अशी भुकटी क्रीम आणि जेल घट्ट करायला वापरतात, म्हणजे तीही अंगाला लावायच्या वस्तूतलीच. टेफ्लॉनची तर तऱ्हाच निराळी. त्याची धूळ हातावरून बिडीवर गेली आणि बिडी पेटवली, की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. मलेरिया असेल म्हणून गोळी घेतो आणि परत कामावर.

(दृश्य: हिंगणा एमआयडीसीकडचा एक शेड. कूलरच्या बॉडी हुकांना लटकलेल्या.)

हे सगळं दूरदेशीचं झालं. आता हे बघा.

एप्रिल आहे. नागपूरला कूलर हवेत, आजच्या आज हवेत. पत्र्याच्या बॉडीला रंग द्यायचा तो ब्रशने नाही, पावडर कोटिंगने. इपॉक्सी किंवा पॉलिएस्टरची रंगीत भुकटी गनमधून विजेच्या भाराने पत्र्यावर चिकटवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. वितळून ती गुळगुळीत थर होते. सॉल्व्हंटचा वास नाही, त्यामुळे हा रंग 'स्वच्छ' समजला जातो. एका अर्थी तो आहेही.

पण गनमधून निघालेली सगळी भुकटी पत्र्यावर बसत नाही. कणांचा सरासरी आकार ३०-४० मायक्रॉन, म्हणजे बरेच नाकात अडकणारे. त्यांच्यासोबत १० मायक्रॉनच्या खालचा एक हिस्सा असतोच, आणि तोच फवारणीच्या बूथबाहेर जास्त वेळ तरंगतो. शिवाय भुकटीत नुसतं पॉलिमर नसतं, घट्ट करणारं रसायनही असतं. काही पॉलिएस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचं रसायन असतं. त्यामुळे रंगाऱ्यांना दमा जडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत.

बाहेर पारा ४४ वर, आत भट्टी. आम्ही तिथे अर्धा तास एन-९५ मास्क लावून उभे राहिलो आणि तिसाव्या मिनिटाला खाली ओढला. आठ तास मास्क घाला, असं त्या पोरांना सांगायचं आमचं तोंड राहिलं नाही. त्यांच्या नाकावर सुती दुपट्टा बांधलेला असतो. कापडाच्या दोन धाग्यांमधल्या फटीतून हे बारीक कण आरामात जातात. मास्क शेवटचा उपाय आहे. आधी धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारा पंखा आणि फिल्टर लागतो, झाडूऐवजी व्हॅक्यूम लागतो. या शेडमध्ये बूथचा पंखा आहे. फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे मात्र कुणाला आठवेना.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या अशा शेडला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तोही सहसा लागू होत नाही. म्हणजे खोकला आला तर खासगी डॉक्टर, नाहीतर मेडिकल, म्हणजे सरकारी रुग्णालय.

(दृश्य: सरकारी रुग्णालयाची ओपीडी, रांग.)

आणि इथे दुसरी गफलत होते. आपल्याकडे महिनाभराचा खोकला म्हणजे आधी टीबी. त्यात चूक काही नाही, टीबी तपासायलाच हवा. पण थुंकीत काही सापडलं नाही, तरी औषध सुरू होतं आणि खोकला राहतो. साधा एक्स-रे अशा आजारात पुष्कळदा स्वच्छ दिसतो. एचआरसीटीत, म्हणजे फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, काचेवर वाफ धरावी तसे धुरकट डाग दिसतात, आणि फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी चाचणी घसरलेली येते. या तपासण्या कुणी लिहून द्याव्यात, तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो. केसपेपरवर वय आहे, पत्ता आहे. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय 'मजुरी'.

मजुरी कसली, हे लिहायला तिथे जागाही होती.

सुट्टीत बरं वाटतं का, कामावर गेलं की परत सुरू होतं का, हेही विचारता येतं. फ्लॉकच्या कारखान्यातल्या काही कामगारांचा त्रास काम सोडल्यावर कमी झाला, आणि परत गेल्यावर उलटला. सोमवारची ती जुनी छाती, फक्त धूळ बदलली.

(दृश्य: शेड. संध्याकाळचे सहा. कामगार हातपाय धुताहेत.)

दिवस संपला. आज सगळ्या बॉडी निळ्या होत्या, त्यामुळे पापण्याही निळ्या. घरी लेकरू आहे, कपड्यांची पावडर त्याला लागू नये म्हणून त्यांच्यातला एक जण कॉम्प्रेसरची नळी उचलतो आणि स्वतःच्या अंगावर हवा मारतो. शर्ट, पँट, केस. निळा ढग उठतो, दारातल्या उन्हात क्षणभर चमकतो.

हवा मारताना तो श्वास रोखून धरतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. नळी खाली ठेवतो, दोन पावलं मागे सरकतो, आणि मग श्वास घेतो. ढग अजून तिथेच असतो.