शिफ्ट, ताण आणि शुगर
(पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. एखाद्याची शुगर निघाली की घरात कारण ठरलेलं असतं: कामाचं टेन्शन. आज दोन गोष्टी पाहू. त्यात तथ्य किती, आणि कामातला नेमका कोणता भाग नडतो. आधीच सांगून टाकतो, निव्वळ ताणामुळे वाढणारा धोका लोक समजतात तेवढा मोठा नाही. मोठा वाटा आहे तो ताणाच्या मागोमाग बिघडणाऱ्या झोपेचा आणि जेवणाच्या वेळांचा.

अभ्यासक ताण कसा मोजतात ते बघा. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन प्रश्न असतात. कामाचा रेटा किती, आणि त्या कामावर तुमचा ताबा किती? साहेबाला काम भरपूर असतं, पण मीटिंग कधी घ्यायची, जेवायला कधी उठायचं हे तो ठरवतो. असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्याला लघवीला जायचं तरी रिलीव्हर यावा लागतो. रेटा जास्त आणि ताबा कमी, ही जोडी वाईट.

या जोडीचा मधुमेहाशी संबंध किती? युरोपातल्या १३ पाहण्यांमधील सुमारे सव्वा लाख लोकांची माहिती २०१४ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा धोका १५ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याच वर्षी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग भागातल्या पाहणीत, साधारण १३ वर्षांच्या पाठपुराव्यात, तो ४५ टक्के जास्त दिसला. लंडनच्या सरकारी नोकरांच्या प्रसिद्ध व्हाइटहॉल अभ्यासात स्त्रियांचा धोका जवळपास दुप्पट होता, पुरुषांत मात्र वाढ आढळली नाही. म्हणजे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. आणि १५ टक्के म्हणजे काय तेही समजून घ्या. एरवी शंभरातल्या दहांना मधुमेह होणार असेल, तर आता साडेअकरांना होईल. वर्तमानपत्राचा मथळा वाचून छातीत धडकी भरण्याइतकं हे नाही.

रात्रपाळीचा पुरावा मला जास्त ठोस वाटतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या, पावणेदोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या, दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. आलटून-पालटून रात्रपाळी ३ ते ९ वर्षं केलेल्यांत धोका सुमारे २० टक्के जास्त, १० ते १९ वर्षं केलेल्यांत ४० टक्के, आणि २० वर्षांपुढे ५८ टक्के. वजनाचा हिशेब वेगळा काढला की हे आकडे निम्म्याहून खाली येतात. याचा अर्थ, रात्रपाळीचं बरंचसं नुकसान वाढत्या वजनातून येतं. तिथे आपला हात पोहोचतो.

आता शरीरात काय होतं ते. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. सतत ताण असेल, झोप तुटत असेल, तर ते रात्री उतरायचं तेवढं उतरत नाही. कॉर्टिसॉल यकृताला साखर तयार करायला लावतं, स्नायूंवर इन्सुलिनचा परिणाम कमी करतं आणि चरबी पोटाच्या आत साठवतं. हे खोटं वाटत असेल तर २०२१ आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड घेतलेल्या कितीतरी लोकांची शुगर एकाएकी चढली होती. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्याच कुळातलं औषध. ताणात तेच काम बारीक मात्रेत, पण वर्षानुवर्षं चालतं. नुसत्या झोपेचं म्हणाल, तर १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्याने त्यांची साखर पचवायची क्षमता स्पष्टपणे घसरली.

"मी बारीक आहे, मला काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचंच उदाहरण. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हे दोघांच्या फोटोसह २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. शर्ट वर करून, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही आणि त्याहून जास्त, १३ कोटींवर, मधुमेहाच्या काठावरचे (प्री-डायबेटिक) सापडले. गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक.

रात्री दहा ते सकाळी सहाच्या पाळीचं जेवण कसं बसवायचं? रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि ते इन्सुलिन सुटू देत नाही, म्हणून दोन वाजता खाल्लेला भात दुपारच्या भातापेक्षा साखर जास्त चढवतो. बोस्टनमध्ये कृत्रिम रात्रपाळीवर केलेल्या छोट्या प्रयोगात, रात्री खाणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली. तेवढंच काम करून फक्त दिवसा खाणाऱ्यांची वाढली नाही. म्हणून मुख्य जेवण कामावर निघण्याआधी, आठच्या सुमारास: भाकरी किंवा पोळी, उसळ किंवा अंडी, भाजी, भात कमी. भूक लागलीच तर बारापर्यंत मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा ताक. एक ते पाच फक्त पाणी. घरी आल्यावर हलका नाश्ता आणि झोप. पोट तट्ट भरून झोपू नका.

खरी गडबड चहात होते. एका कपात दोन लहान चमचे, म्हणजे आठ ते दहा ग्रॅम साखर. पाळीत पाच चहा झाले की चाळीस-पन्नास ग्रॅम. वर खारी नाहीतर क्रीमरोल. शिवाय पहाटे चारच्या चहातलं कॅफीन सकाळी आठला अर्ध्याच्या आसपास अंगात असतं, मग झोप लागत नाही. शेवटचा चहा झोपेच्या किमान सहा तास आधी हवा, आणि एकनंतर फक्त पाणी म्हटलंय, म्हणजे तो एकच्या आतच. खोलीत जाड पडदा, फोन सायलेंट, आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की दुपारी दोनपर्यंत बेल वाजवायची नाही. सुट्टीतही झोपेची वेळ पूर्ण उलटी करू नका.

आणि चालणं. जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं, कारखान्याच्या आवारात का होईना. बैठं काम असेल तर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उभं राहा. चेन्नईच्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, २००६ साली, काठावरच्या लोकांनी आहार आणि चालणं बदललं तर धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला. तोही वजनात फारसा फरक न पडता. ध्यान, प्राणायाम जरूर करा, मन शांत होतं. पण कंपनीने रोस्टर तसंच ठेवून ध्यानाचं सत्र भरवलं, तर माझा सवाल रोस्टरबद्दलच राहील. पाळ्या फिरवायच्याच असतील तर पुढच्या दिशेने फिरवाव्यात: सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट्या फिरवल्या की झोप अधिक तुटते. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांची सुटी हा युरोपचा नियम आहे, तो मागायला हरकत नाही. सुपरवायझरने आठवडाभर आधी वेळापत्रक लावलं, तरी माणसाच्या हातात थोडा ताबा येतो.

तपासणीत लोक हमखास चुकतात. रात्रपाळी संपवून, वाटेत चहा घेऊन, गेटवरच्या कॅम्पमध्ये बोट टोचून घेतात आणि "एकशे तीस, नॉर्मल" म्हणून घरी जातात. रँडम, म्हणजे कधीही मोजलेल्या आकड्याने निर्धास्त होऊ नका. सुट्टीच्या दिवशी, नीट झोपून, आठ तास उपाशी राहून शिरेतून रक्त द्या. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ काठावर, १२६ पासून मधुमेह. त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करायची. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. पण लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हा आकडा खोटा वर दिसतो. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं सर्रास, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहा. शंका उरली तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी. ते पाणी पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास बसून राहायचं. मधल्या वेळात खाली जाऊन विडी ओढून आलात तर चाचणी बिघडते.

ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यात गोळी जुन्याच वेळेला घेऊन जेवण चुकवू नये. साखर फार खाली जाते, पहाटे घाम फुटतो, हात थरथरतात, आणि समोर मशीन चालू असतं. नाईट लागणार हे कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे रोस्टर घेऊन जा. कुठली मात्रा कुठल्या वेळी घ्यायची, ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. खिशात ग्लुकोजची पुडी आणि शेजारच्या सहकाऱ्याला कल्पना, हे दोन्ही हवं.