शून्य गळतं कुठे?

मंडळी, आपल्या लँडलाइनच्या नंबरापुढे २ लागला होता, आठवतंय? एक्स्चेंजवाले आपलं काम करून मोकळे झाले. घोळ झाला तो दुकानांच्या पाट्यांवर, लेटरहेडवर, आजीच्या चोपडीत. औषधांच्या नंबरांचंही तसंच आहे, आणि आज मला या चोपड्यांबद्दलच बोलायचंय.

बडोद्यात हा विषय परका नाही. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी इथे अ‍ॅलेम्बिक काढली. तेव्हापासून दांडिया बाजारात दर दोन घरांआड कुणी ना कुणी औषधांच्या कारखान्यात असतंच. आणि हालोलपर्यंतच्या पट्ट्यातून अमेरिकेला माल जातो.

तिथे औषधाला एनडीसी, म्हणजे नॅशनल ड्रग कोड असतो. दहा अंक, तीन तुकडे: कंपनी, औषध, पॅकिंग. पण तुकडे पाडायच्या रीती तीन: ४-४-२, ५-३-२ आणि ५-४-१. शिवाय विम्याची बिलं अकरा अंक मागतात, ५-४-२. मग जो तुकडा तोकडा, त्याच्या आधी शून्य लावायचं. आता कुणी मधल्या रेघा काढून नुसतं १२३४५६७८९० पाठवलं, तर ते ०१२३४-५६७८-९० असू शकतं, १२३४५-०६७८-९० असू शकतं, किंवा १२३४५-६७८९-०० सुद्धा. तीन वेगळी औषधं!

त्यात कंपन्यांना द्यायचे पाच अंकी क्रमांक संपत आले. म्हणून जुलै २०२२ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सरसकट एकच साचा सुचवला: ६-४-२, बारा अंक. जुन्या नंबरांत शून्यं भरायची. त्या प्रस्तावात अंतिम नियमानंतर पाच वर्षांची सवड होती, आणि त्यापुढे तीन वर्षं जुनं-नवं दोन्ही चालणार होतं. आठ वर्षं म्हटलं की आपण फाइल कपाटात टाकतो.

खरी मेख बारकोडात आहे. बारकोडात जीटीआयएन, म्हणजे मालाचा जागतिक ओळख-क्रमांक असतो. या चौदा अंकांत पहिला अंक पॅकच्या पातळीचा (सुटी डबी की मोठा खोका), मग ०३, मग दहा अंकी एनडीसी, शेवटी आधीच्या अंकांवरून निघणारा तपासणीचा अंक. एक, दोन, दहा, एक: बरोब्बर चौदा. दहाचे बारा झाले की डबा उतू जातो. मग कुठला जीटीआयएन कुठल्या एनडीसीचा, याचं कोष्टक सांभाळावं लागणार. ज्या सॉफ्टवेअरला ‘चौथ्या अंकापासून दहा अंक उचल’ असं शिकवलंय, ते मुकाट्याने चुकीचं उचलणार.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडच्या पॅकवर बारकोड किंवा क्यूआर कोड आला, त्यातही उत्पादनाची ओळख-संख्या आहेच. पण तो वेगळा विषय, केमिस्ट मंडळींसाठी पुन्हा कधी.

मी पॅकेजिंगला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या एका कोडची सुरुवात शून्याने होती. एक्सेलने त्याला रक्कम समजून ते शून्य खाल्लं. नऊच अंक दिसतात म्हणून एका पोराने शून्य भरलं, पण शेवटी! दहा झाले, सिस्टीम खूश. तपासणीचा अंकही त्या चुकीच्या नंबरावरूनच निघाला, त्यामुळे बारकोड मशीनवर अगदी स्वच्छ वाचला जात होता. पकडला कुणी? लाइनवरच्या एका ताईंनी. त्यांनी जुनं कार्टन शेजारी धरलं आणि म्हणाल्या, “साहेब, याचं पुढचं शून्य कुठे गेलं?” दोन पॅलेट माल कापला आम्ही.

म्हणून सोमवारी कामावर गेलात की आयटीवाल्यांना ‘सिस्टीम बारा अंक घेते का’ असं विचारू नका. ते हो म्हणतील, आणि खरंच म्हणतील. स्टोअरमधल्या, आर्टवर्कमधल्या, डिस्पॅचमधल्या माणसाशेजारी बसा, चहा मागवा आणि विचारा: “भाऊ, तुमची स्वतःची फाइल दाखवा ना.”