दहाचाकीच्या खाली शिकलेले वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

कराडहून पाटणमार्गे चिपळूणकडे निघालेला भरलेला ट्रक कुंभार्ली घाट उतरू लागतो, तेव्हा त्याचा चालक ज्या ब्रेकवर विसंबून असतो, ते ब्रेक कोणीतरी गाडीखाली उताणे पडून, डोळ्यांत माती जात असताना हाताने जुळवलेले असतात. तो हात कित्येकदा वीस-एकवीस वर्षांच्या शिकाऊ अभियंत्याचा असतो. मीही तसाच एक शिकाऊ होतो आणि आज त्या वर्षाविषयी बोलणार आहे.

माझे गाव पलूस तालुक्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला, तेव्हापासून आमच्या भागात लेथ, ओतकाम आणि फिटिंग हे शब्द शेतीच्या शब्दांइतकेच ओळखीचे झाले आहेत. त्यामुळे यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी कराडजवळ, हमरस्त्यालगतच्या एका अवजड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये एका वर्षासाठी शिकाऊ म्हणून दाखल झालो, याचे घरी कोणाला नवल वाटले नाही. वडिलांनी फक्त एवढेच विचारले, की तू तिथे कामगार असशील की विद्यार्थी? 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे उत्तर असे, की तो प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. मात्र सुरक्षिततेच्या बाबतीत आणि कामावर इजा झाल्यास मिळणाऱ्या भरपाईच्या बाबतीत कायद्याने त्याला कामगाराच्याच पंगतीला बसवले आहे. पदविका आणि पदवीधारक या कायद्याच्या कक्षेत 1973 च्या दुरुस्तीने आले. ही माहिती प्रत्येक पालकाने ठेवावी असे मला वाटते, कारण पहिला दीड महिना माझ्या वाट्याला गाड्या धुणे, पाने पुसून ठेवणे आणि चहा आणणे एवढेच आले होते आणि ते प्रशिक्षण नव्हे, हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

पुढे एका ज्येष्ठ मिस्त्रींनी मला हाताखाली घेतले आणि गाडीखाली काम करण्याच्या खड्ड्यात उतरवले. अवजड वाहनाचे ब्रेक तेलावर नव्हे, तर दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पायाखालचे पेडल दाबले, की ती हवा चाकाजवळच्या बूस्टरमध्ये शिरून दांडा पुढे ढकलते. तो दांडा स्लॅक ॲडजस्टरची, म्हणजे ब्रेकमधला ढिलेपणा काढणाऱ्या भागाची, तरफ ढकलतो, कॅम फिरतो आणि लायनर, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला जाऊन भिडतात. लायनर झिजत जातात तसतसा दांड्याला अधिक लांब सरकावे लागते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. एवढे मी पुस्तकात वाचले होते. मिस्त्रींनी जे दाखवले ते मला उत्तरपत्रिकेत कधी लिहावे लागले नव्हते: उतारावर ड्रम तापला, की तो प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, म्हणजे दांड्याची धाव आणखी वाढते, आणि म्हणून वर्कशॉपच्या सपाट फरशीवर, थंड चाकावर बरा वाटणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर तोकडा पडू शकतो. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियमही याच कारणाने आलेला आहे. वेग इंजिनाने धरून ठेवला, की ड्रम तापत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. साखरेची पोती भरून चिपळूणला जाणारा एक दहाचाकी ट्रक होता. दहाचाकीला तीन ॲक्सल, म्हणजे ब्रेक जुळवण्याच्या जागा सहा. पाच झाल्या. मागच्या ॲक्सलवरचा ब्रेक जुळवण्याचा एक बोल्ट चिखलाने आणि गंजाने असा धरला होता, की पाना बसेना. संध्याकाळची पॅसेंजर गाठायची होती. मिस्त्रींनी विचारले, "सहाही झाले का?" मी होय म्हणालो. त्यांनी काही न बोलता चाकांना गुटके लावून पार्किंग ब्रेक सोडायला सांगितले, खडूचा तुकडा घेतला, गाडीखाली शिरून प्रत्येक दांड्यावर बूस्टरच्या तोंडाशी खूण केली आणि मला पेडल दाबायला सांगितले. पाच खुणा थोड्या सरकल्या आणि सहावी कितीतरी पुढे गेली. ते रागावले नाहीत. त्यांनी बोल्ट साफ करून, लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून, मग मोजून थोडा सैल करून, अशा सहाही जागा माझ्याकडून पहिल्यापासून करवून घेतल्या. ट्रकचा चालक तोवर बाकड्यावर डबा खात बसला होता. त्याने मला विचारले, "झालं का साहेब?" त्या 'साहेब' शब्दाने मला जे वाटले, ते आजही गेलेले नाही. माझ्या एका खोट्या होकारावर तो माणूस रात्री घाट उतरणार होता.

पार्किंग ब्रेकच्या बूस्टरविषयी मात्र सांगितलेच पाहिजे, कारण त्यात शिकाऊ मुलांचा जीव जाऊ शकतो. त्याच्या पोटात एक जबरदस्त ताकदीची स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. हवा गेली तरी गाडी जागच्या जागी उभी राहावी म्हणून ती असते. आत घातलेल्या लांब बोल्टने ती स्प्रिंग आधी बांधून घेतल्याशिवाय त्या बूस्टरचा पट्टा सोडणे म्हणजे तोंडासमोर तोफ सोडणे होय. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी, म्हणजे आधाराचा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय शिरू नये, हेही तसेच. या दोन गोष्टींत मिस्त्री कोणाचीही भीड ठेवत नसत आणि ते योग्यच होते.

आता नव्या गाड्यांत स्लॅक ॲडजस्टर आपोआप जुळतो, आणि 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-सहा या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना लॅपटॉप जोडला, की बिघाडाचा संकेतांक पडद्यावर येतो. हे सगळे चांगलेच आहे. परंतु आपोआप जुळणारा ॲडजस्टर वारंवार हाताने आवळावा लागत असेल, तर दोष दुसरीकडे कुठेतरी असतो, आणि तो शोधायला गाडीखाली जावेच लागते.

श्रोतेहो, गळीत हंगाम जवळ आला आहे आणि सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर लवकरच उसाच्या गाड्यांची रांग लागेल. ज्यांच्या गाड्या आहेत, त्यांनी हवेच्या टाक्यांतले पाणी रोज काढावे, कारण त्याच पाण्याने व्हॉल्व्ह गंजतात. पाण्याबरोबर तेल येऊ लागले, तर कॉम्प्रेसर तपासून घ्यावा. चाक काढून बसवल्यावर शंभरएक किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून पाहावेत. आणि ब्रेकचे काम शिकाऊ मुलाकडे दिले असेल, तर जाण्याची घाई न करता मिस्त्रींना खडूची खूण करायला सांगावी आणि पेडलवर स्वतः पाय ठेवावा.

नमस्कार.