बॉयलरची तापलेली भिंत पाण्याच्या झोतानं धुताना, त्या काही सेकंदांत नळीचं काय होतं?

(दृश्य: भट्टीच्या निरीक्षण खिडकीतून दिसणारी ज्वाळा)

कोळशावर चालणाऱ्या मोठ्या बॉयलरची ही भट्टी. ज्वाळेचं तापमान 1300 अंश सेल्सिअसच्याही वर. पण या भट्टीच्या भिंती विटांच्या नाहीत. पोलादी नळ्या शेजारी शेजारी उभ्या करून, मधल्या पट्ट्यांनी एकमेकींना वेल्ड करून त्या बनवल्या आहेत. नळ्यांमधून पाणी वाहतंय. 180 बार दाबाखाली हे पाणी सुमारे 357 अंशांना उकळतं, आणि त्याच्याच जोरावर नळीची ज्वाळेकडची बाजू 400 अंशांच्या आसपास टिकून राहते. आतलं पाणी थांबलं, तर हे पोलाद फार काळ तग धरणार नाही.

(दृश्य: भिंतीवर साचलेला राखेचा थर)

कोळशातली राख या उष्णतेत वितळते, भिंतीवर चिकटते आणि थरावर थर चढत जातो. मग उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. ती वायूंबरोबर पुढे सरकते आणि पुढच्या सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्या गरजेपेक्षा जास्त तापवते. थर फारच वाढला, तर त्याचे मोठे क्लिंकर, म्हणजे घट्ट झालेल्या राखेचे गठ्ठे, सुटून खाली कोसळतात आणि तळाच्या नळ्यांना इजा करतात. म्हणून भट्टी चालू असतानाच भिंती साफ कराव्या लागतात. सूट ब्लोअर, म्हणजे भिंतीवर वाफेचा झोत मारणारी यंत्रं, हे काम करतात, पण चिवट थरापुढे वाफ कमी पडते. तिथं पाणी लागतं.

(दृश्य: समोरच्या भिंतीवर झेपावणारी पाण्याची धार)

हा झोत भट्टीच्या एका भिंतीतून सुटतो आणि धगधगत्या पोकळीतून पार जाऊन समोरच्या भिंतीवर आदळतो. अचानक गार झालेला थर तडकतो. पाणी त्याच्या छिद्रांत, भेगांत शिरतं आणि तिथंच त्याची वाफ होते. साध्या वातावरणीय दाबाला वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. एवढी जागा थरात कुठून येणार? तो आतून फुटून गळून पडतो. वाफेच्या ब्लोअरला न जमणारं काम पाणी काही क्षणांत करतं.

पण थर गळून पडल्यावरही झोत तिथंच राहिला तर? किंवा जिथं थर नव्हताच, तिथं तो गेला तर? मग पाणी थेट तापलेल्या उघड्या पोलादावर पडतं.

(दृश्य: नळीचा आडवा छेद, रेखाचित्र)

नळीचा बाहेरचा पातळ पापुद्रा क्षणात गार होतो आणि आकसू पाहतो. त्याच्या खालचं पोलाद अजून गरमच असतं, ते त्याला आकसू देत नाही. पापुद्रा ताणला जातो. किती? आकसायला अजिबात वाव नाही असं धरलं, तर पृष्ठभागाच्या तापमानात पडणाऱ्या प्रत्येक अंशाला साधारण 3.3 मेगापास्कल ताण. 100 अंशांचा फरक पडला, तर 330. साध्या कार्बन स्टीलची नळी खोलीच्या तापमानाला 250 च्या आसपास कायमची ताणली जाऊ लागते, आणि 400 अंशांना त्याच्याही आधी. प्रत्यक्षात गारवा थोडा आत झिरपतो, त्यामुळे ताण या हिशोबापेक्षा कमी भरतो. तरीही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्यायलाच हवी. इतक्या तापलेल्या धातूवर पाणी पडलं की मध्ये वाफेचा पातळ पडदा तयार होतो आणि तो धातूला काही काळ वाचवतो. लायडेनफ्रॉस्टनं 1756 मध्ये याचं वर्णन केलं होतं. झोताच्या जोरानं किंवा धातू गार होत गेल्यानं हा पडदा फाटला, की गार होण्याचा वेग एकदम वाढतो. म्हणूनच झोत एका जागी थोडा जास्त रेंगाळला, तरी नुकसान त्या प्रमाणात न वाढता त्याहून बरंच जास्त वाढू शकतं.

(दृश्य: तपासणीसाठी कापून काढलेली नळी, पृष्ठभागावर आडव्या भेगा)

झोत सरकतो, ज्वाळा पुन्हा नळी तापवते, ताणलेला पापुद्रा आता दाबला जातो. एक फेरा पूर्ण. एका धुण्यानं नळी फुटत नाही. पण दिवसातून तीनदा धुतलं, तर वर्षात हजाराहून जास्त फेरे होतात. हळूहळू नळीवर आडव्या, एकमेकींना समांतर बारीक भेगा उमटतात. भेगेत ऑक्साइड भरतं आणि पाचरीसारखं अडकून बसतं. नळी पुन्हा तापली तरी भेग मिटत नाही, पुढच्या गारव्यात आणखी खोल जाते. शटडाऊनमध्ये, म्हणजे बॉयलर बंद असताना, नळीची जाडी मोजणारं साधं अल्ट्रासॉनिक उपकरण या भेगा सहज चुकवतं, कारण उरलेली जाडी बहुतेक ठिकाणी ठीकच दिसते.

(दृश्य: नळीत बसवलेलं थर्मोकपल, नंतर पडद्यावरचा आलेख)

म्हणून नळीच्या ज्वाळेकडच्या बाजूला, धातूच्या आत, थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक, बसवतात. दोन वेगवेगळ्या खोलींवर दोन बसवली, तर नळीतून किती उष्णता आत जाते आहे तेही कळतं. आणि इथंच अनेकदा घात होतो, तो नोंदीच्या वेगामुळे. सगळी घडामोड काही सेकंदांची. कंट्रोल रूममधली नोंद मिनिटाला एकदा होत असेल, किंवा जागा वाचवण्यासाठी आकडे गुळगुळीत करून साठवले जात असतील, तर आलेखावर शांत सरळ रेषा दिसते आणि सगळं आलबेल वाटतं. सेकंदाला अनेकदा मोजल्याशिवाय तापमान कोसळल्याची ती खोल दरी आलेखावर दिसतच नाही. माझ्या मते महागडं सेन्सर बसवून नोंद संथ ठेवणं म्हणजे न मोजण्यापेक्षाही वाईट, कारण त्यातून खोटा दिलासा मिळतो.

(दृश्य: दोन आलेख, एकाखाली एक)

हे दोन आलेख पाहा. वरचा थराखाली झाकलेल्या नळीचा. झोत आला तेव्हा तापमान उशिरा आणि थोडंसंच उतरलं. नंतर मात्र ते आधीपेक्षा वरच्या पातळीवर स्थिरावलं. थर गेला, उष्णता पुन्हा आत जाऊ लागली. धुणं सार्थकी लागलं. खालचा आलेख आधीच स्वच्छ असलेल्या नळीचा. तापमान एकदम कोसळलं, मग जिथं होतं तिथंच परत आलं. फायदा काहीच नाही, आणि नळीच्या आयुष्यातून एक फेरा वजा.

अशा लहान-मोठ्या दऱ्या मोजण्यासाठी एंडो यांनी 1968 मध्ये मांडलेली रेनफ्लो ही फेरे मोजण्याची पद्धत वापरतात, आणि प्रत्येक फेऱ्यानं नळीच्या आयुष्याचा किती वाटा खर्च झाला ते 1945 पासून रूढ असलेल्या माइनरच्या नियमानं बेरजेत धरतात. या बेरजेतून निघणारं ‘उरलेलं आयुष्य’ वर्षांमध्ये अचूक मानू नये. पण भिंतीचा कोणता पट्टा सर्वांत जास्त सोसतो आहे, हे ती चांगलं सांगते. त्या पट्ट्यावर झोत वेगानं सरकवायचा, दाब कमी करायचा, किंवा थर दिसेपर्यंत तो पट्टा वगळायचाच. घड्याळ बघून धुण्याऐवजी भिंत बघून धुवायचं. शटडाऊनमध्ये भेगांसाठी रंगद्रव्याची किंवा चुंबकीय कणांची तपासणीही तिथूनच सुरू करायची.

(दृश्य: जळालेली थर्मोकपलची तार)

थर्मोकपलही याच आगीत राहतं. त्याच्या तारेचं आवरण मध्येच जळलं आणि तारा एकमेकींना चिकटल्या, तर ते नळीचं नव्हे, त्या चिकटलेल्या जागेचं तापमान दाखवू लागतं. कंट्रोल रूममध्ये आकडा येतच राहतो. त्यामुळे दर धुण्याला दरी दाखवणारी एखादी रेषा अचानक सपाट झाली, तर आधी ते थर्मोकपल तपासायचं. तोवर त्या पट्ट्यावर पाणी सोडायचं नाही.