चार रविवारांचा सण

नमस्कार श्रोतेहो. नाताळच्या दिवसांत सहल कंपनीबरोबर युरोपातली शहरे पाहण्याचा बेत आता आपल्याकडच्या अनेक घरांत आखला जातो. कार्यक्रमपत्रिका हाती आली की आपण आधी शहरांची नावे वाचतो आणि मग भारतीय जेवणाची सोय आहे ना, याची खात्री करून घेतो. माझी आग्रहाची विनंती अशी, की या दोन्हींच्या आधी तारखा वाचाव्यात.

२५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार हा जर्मनी-ऑस्ट्रियात ‘अ‍ॅडव्हेंट’चा, म्हणजे येशूजन्माची वाट पाहण्याचा काळ असतो. हिरव्या फांद्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या बसवतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. चौकाचौकांत भरणारे नाताळचे बाजार हे या वाट पाहण्याचेच रूप असल्यामुळे सण उजाडला, की त्यांचे काम संपते. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला आवरला जातो. मुलांच्या सुट्टीचा हिशेब करून २३ तारखेला मुंबईहून निघालेल्या कुटुंबाची गत तेथे पालखी पुढे गेल्यावर देहूला पोहोचल्यासारखी होते. सुट्टी बदलणे शक्यच नसेल, तर प्रागचा विचार करावा. तेथल्या जुन्या शहराच्या चौकातला बाजार अलीकडच्या वर्षांत ६ जानेवारीपर्यंत चालू राहिला आहे.

न्यूरेंबर्गला मात्र वेळेत पोहोचावे, असे मला मनापासून वाटते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाने झाकलेली लाकडी दुकाने, सुक्या आलुबुखारांपासून केलेल्या बाहुल्या आणि या सगळ्यावर तरंगणारा दालचिनी-लवंगेचा वास! हा वास ‘लेबकुखेन’चा, म्हणजे मध-मसाले घातलेल्या नाताळच्या बिस्किटांचा. आसपासच्या जंगलांतला मध आणि व्यापारी मार्गांनी पूर्वेकडून आलेले मसाले या एकाच शहरात भेटले, म्हणून हा पदार्थ येथे बहरला. त्याच्या ‘एलिझेन’ या उंची प्रकारात बदाम-अक्रोडांसारख्या कठीण कवचाच्या फळांचे प्रमाण किमान २५ टक्के असावे लागते आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. त्याचा पहिला घास घेताना आपल्याच किनाऱ्यावरच्या मसाल्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मार्गदर्शकाबरोबरच्या सहलीत व्हिसापासून सामानापर्यंतची काळजी मिटते आणि ज्येष्ठांना तर तो मोठाच आधार असतो. पण वेळ आपल्या हाती राहत नाही. बसचालकाला साडेचार तासांच्या चालवण्यानंतर पाऊण तास विश्रांती देणे युरोपीय कायद्याने बंधनकारक आहे, शिवाय डिसेंबरात तेथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा सहा दिवसांत सहा शहरे दाखवणारी सहल घेऊ नये. तीन शहरे घ्यावीत आणि बाजारासाठी दुपार नव्हे, दिवे लागल्यानंतरची वेळ राखून ठेवली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळविषयी थोडे सविस्तर सांगतो. त्या दिवशी दुपारनंतर दुकाने बंद होतात, रस्ते रिकामे होतात, कारण तो सण घरातला आहे. आमच्या गटातल्या काहींना संध्याकाळ वाया गेल्याची हुरहुर लागली होती. आम्ही साल्झबर्गमध्ये होतो. तेथून साधारण वीस किलोमीटरवरच्या ओबर्नडॉर्फ या गावी १८१८ साली याच रात्री ‘स्टिले नाख्ट’, म्हणजे ‘सायलेंट नाइट’, हे गीत प्रथम गायले गेले. शब्द योजेफ मोर या तरुण धर्मगुरूचे आणि चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळाशिक्षकाची. साथीला फक्त गिटार होती. ते मूळ चर्च आता नाही, त्याच्या जागी एक छोटे प्रार्थनामंदिर उभे आहे.

आमच्या मार्गदर्शकाने कार्यक्रमात नसतानाही आम्हांला शहरातल्या सेंट पीटर दफनभूमीत नेले. ऑस्ट्रियात त्या संध्याकाळी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. बर्फ नव्हते, थंडी मात्र कडक होती. एक आजी नातवाचा हात धरून दिवा ठेवत होत्या; आम्ही अडतीस माणसे वाटेच्या कडेला उभी होतो आणि कोणीही छायाचित्र काढले नाही.