घरचा आहेर आणि चार मतं

[दृश्य: पॅरिस, ब्रिटिश वकिलातीचं अंगण. रात्र. पायऱ्यांखाली पत्रकारांचा घोळका.]

मंगळवार, 20 नोव्हेंबर 1990. ब्रिटनच्या सत्ताधारी हुजूर पक्षाचा नेता, म्हणजेच पंतप्रधान कोण, हे ठरवणारं मतदान झालंय आणि लंडनहून फोनवर आकडे आले आहेत. मार्गारेट थॅचर 204, त्यांना पक्षातूनच आव्हान देणारे मायकेल हेझेल्टाइन 152. उरलेल्या 16 जणांनी कुणालाच मत दिलेलं नाही. सलग तीन निवडणुका जिंकलेल्या, साडेअकरा वर्षं पंतप्रधान असलेल्या बाई 52 मतांनी पुढे आहेत. तरीही त्या जिंकलेल्या नाहीत.

का, हे कळायला हुजूर पक्षाचा तेव्हाचा नियम नीट पाहावा लागतो. पक्षाचे खासदार 372. नेता निवडायचा तो फक्त त्यांनीच, गुप्त मतदानानं. पहिल्या फेरीत जिंकायला दोन अटी. पहिली, निम्म्याहून जास्त खासदार, म्हणजे किमान 187. ती बाईंनी सहज ओलांडली. दुसरी अट आघाडीची: दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा 15 टक्के जास्त मतं. आणि हे 15 टक्के पडलेल्या मतांचे नव्हेत, मतदानाचा हक्क असलेल्या सगळ्या खासदारांचे. 372 चे 15 टक्के 55.8. अर्धंमुर्धं मत पडत नाही, तेव्हा 56.

बाई 52 वर अडकल्या. चार कमी.

हे चार कुठून आले असते? हेझेल्टाइनची दोन माणसं फुटली असती तर 206 विरुद्ध 150, आघाडी बरोबर 56. किंवा त्या 16 जणांपैकी चौघांनी बाईंच्या नावापुढे खूण केली असती तरी भागलं असतं. या नियमात कोरी चिठ्ठी तटस्थ नसते. आव्हान देणाऱ्याचं तिनं काही बिघडत नाही; खुर्चीवर बसलेल्याला मात्र ती बोचते, कारण आघाडी गाठायची ती त्याला.

हा नियम बाईंना नवा नव्हता. दरवर्षी नेत्याला आव्हान देता येईल अशी सोय 1975 साली झाली, आणि तिचा पहिला फायदा घेतला तो मार्गारेट थॅचर यांनीच. पहिल्या फेरीत त्यांना 130 मतं, पक्षाचे तेव्हाचे नेते एडवर्ड हीथ यांना 119. हीथ बाजूला झाले. खासदारांचं ऐकत नाहीत, त्यांच्यात मिसळत नाहीत, ही हीथ यांच्याबद्दलची तक्रार त्या वेळी बाईंच्या कामी आली होती.

[दृश्य: सरकारी कागद. टंकलिखित टिपण.]

आता पाच वर्षं मागे. मे 1985. अर्थमंत्री नायजेल लॉसन मंत्रिमंडळाच्या समितीपुढे एक टिपण ठेवतात. विषय आहे स्थानिक कराचा. तोवर ब्रिटनमध्ये आपल्या घरपट्टीसारखा कर होता: घराच्या भाड्याच्या किमतीवर आकारणी. त्याच्या जागी आणायचा होता माणशी कर. कागदोपत्री नाव ‘कम्युनिटी चार्ज’, लोकांच्या तोंडी ‘पोल टॅक्स’. प्रत्येक सज्ञान माणसाला सारखीच रक्कम. अगदी गरिबांना आणि विद्यार्थ्यांना सवलत, पण पाचवा हिस्सा त्यांनीही भरायचाच. मोठ्या वाड्यात एकटा राहणारा माणूस एक कर भरणार, आणि दोन खोल्यांत पाच मोठी माणसं राहत असतील तर ते घर पाच कर भरणार. लॉसन यांनी लिहून दिलं की हे चालवता येणार नाही आणि राजकीयदृष्ट्या घात करील.

हे विरोधी बाकांवरचं भाषण नव्हतं. सरकारच्या तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, त्यानं दिलेला हा घरचा आहेर. तो फायलीत गेला.

लॉसन यांचं म्हणणं कुठे खरं ठरलं ते थोडं जवळून पाहू. घर जागेवरून हलत नाही, माणूस हलतो. घरावरच्या कराची नोंदवही वर्षानुवर्षं तीच राहते. माणसांवरच्या कराची दर महिन्याला बदलावी लागते. भाडेकरू गेला, मुलगा सज्ञान झाला, कुणी पत्ताच दिला नाही. म्हणजे वसुलीचा खर्च वाढणार आणि वसुली घटणार. दुसरी खोट याहून मोठी. स्थानिक संस्थेच्या खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा या करातून येणार होता, बाकीचं लंडनच्या सरकारकडून. त्यामुळे खर्च एक टक्का वाढला की कर चार टक्क्यांनी चढतो. उधळ्या संस्थांना मतदार धडा शिकवतील, असा बाईंचा हिशेब होता. झालं उलटंच. नवा कर सरकारनं आणलाय हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा वाढलेल्या बिलाचं खापर सरकारवरच फुटणार, हे संस्थांनी ओळखलं आणि खर्च वाढवून घेतला. सरकारचा अंदाज होता माणशी सरासरी 278 पौंडांचा. इंग्लंडमध्ये बिलं आली ती सरासरी 363 पौंडांच्या आसपास.

इशारा द्यायला लॉसन एकटेच नव्हते. एप्रिल 1988 मध्ये हुजूर पक्षाचेच खासदार मायकेल मेट्स यांनी दुरुस्ती सुचवली: कर राहू द्या, पण उत्पन्नाप्रमाणे टप्पे पाडा. शंभराहून जास्त बहुमत असलेल्या सरकारला ती दुरुस्ती 25 मतांनी हाणून पाडावी लागली. प्रतोदांच्या दृष्टीनं काम झालं. जिंकलो म्हणजे जिंकलो. खरं तर त्या दिवशी मोजायला हवी होती ती स्वतःच्या बाकांवरून पलीकडे गेलेली माणसं.

[दृश्य: लंडन, ट्रॅफल्गार चौक, 31 मार्च 1990. पोल टॅक्सविरोधी मोर्चाची दंगल. धूर, घोडेस्वार पोलीस.]

त्या मार्चमध्ये मिड स्टॅफर्डशरची पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाचं 14,654 चं मताधिक्य पुसलं गेलं आणि मजूर पक्ष 9,449 मतांनी निवडून आला. अशा निकालानंतर सुरक्षित मतदारसंघातला खासदारही आपल्या मताधिक्याचा आकडा कागदावर लिहून बघतो. पक्षातली नाराजी तत्त्वाची असते तोवर नेता निभावून नेतो. ती स्वतःच्या जागेची झाली की निभावणं कठीण.

पण याच्या आधीच एक घंटा वाजून गेली होती, आणि ती सर्वांत स्पष्ट होती. डिसेंबर 1989. सर अँथनी मेयर नावाच्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या मागच्या बाकावरच्या खासदारानं बाईंना आव्हान दिलं. आव्हानाला लागायचे फक्त एक सूचक आणि एक अनुमोदक. मेयर जिंकणार नाहीत हे मेयरनाही माहीत होतं. पारधी बैलाच्या आडोशानं सावजाजवळ जातो, तसला हा प्रकार. खरी शिकार करणारा मागे उभा असतो. निकाल: थॅचर 314, मेयर 33. मथळा झाला दणदणीत विजयाचा.

तोच निकाल दुसऱ्या बाजूनं वाचा. 33 विरोधात, 24 मतपत्रिका बाद, तिघं फिरकलेच नाहीत. बेरीज 60. एका अनोळखी माणसाविरुद्ध, हरण्याची काडीमात्र भीती नसताना, 374 पैकी 60 जणांनी पंतप्रधानांना मत दिलं नाही. समोर वजनदार उमेदवार आला तर हे 60 कितीवर जातील, हा प्रश्न विचारायचा असतो तो निकालाच्या दुसऱ्याच दिवशी. मेयर यांचं पुढे काय झालं? त्यांच्या मतदारसंघातल्या पक्षशाखेनं त्यांची उमेदवारी काढून घेतली.

[दृश्य: हाउस ऑफ कॉमन्स. हिरवे बाक.]

मंत्रिमंडळात हेच घडत होतं, फक्त वरच्या पट्टीत. जून 1989 मध्ये लॉसन आणि परराष्ट्रमंत्री सर जेफ्री हाऊ दोघं मिळून बाईंकडे गेले: चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या युरोपच्या विनिमयदर व्यवस्थेत कोणत्या अटींवर जायचं ते जाहीर करा, नाहीतर आम्ही दोघंही जातो. बाईंनी अटी जाहीर केल्या, आणि महिन्याभरात हाऊ यांचं परराष्ट्र खातं काढून घेतलं. ऑक्टोबरमध्ये लॉसन गेले. बाईंचे आर्थिक सल्लागार अॅलन वॉल्टर्स जाहीरपणे अर्थमंत्र्याच्या विरुद्ध सूर लावत होते आणि बाई त्यांना दूर करायला तयार नव्हत्या. गंमत अशी की एका वर्षानं, 8 ऑक्टोबर 1990 ला, ब्रिटन त्याच व्यवस्थेत सामील झालं. दोघांचं म्हणणं मान्य झालं, पण तोवर एक घरी गेला होता आणि दुसरा कोपऱ्यात बसवला गेला होता.

त्या कोपऱ्यातल्या माणसानं 1 नोव्हेंबरला राजीनामा दिला. हाऊ हे 1979 च्या मूळ मंत्रिमंडळातले शेवटचे उरलेले. सरकारच्या बाजूनं सांगण्यात आलं की मतभेद धोरणाचा नाही, शैलीचा आहे. ही चूक फार महागात पडली. मवाळ माणसाला ‘तुला मुद्दाच नाही’ असं म्हटलं की तो मुद्दा मांडायला उठतो.

12 नोव्हेंबरच्या रात्री लंडनमधल्या मेजवानीत बाई क्रिकेटच्या भाषेत बोलल्या: गोलंदाजी आक्रमक आहे, पण मी अजून खेळपट्टीवर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हाऊ सभागृहात उभे राहिले, शेजारी लॉसन. आवाज न चढवता त्यांनी तीच उपमा उचलली: सलामीचे फलंदाज मैदानात जातात, पहिला चेंडू पडतो आणि कळतं की बॅटी आधीच मोडून ठेवल्यात, त्याही आपल्याच कर्णधारानं. सभागृहात टीव्ही कॅमेरे येऊन वर्षही झालं नव्हतं. भाषणात शिव्या नाहीत, त्वेष नाही. शेवटी इतकंच की निष्ठांच्या या ओढाताणीत आपण काय करायचं, हे आता इतरांनी ठरवावं. दुसऱ्या दिवशी हेझेल्टाइन यांनी उमेदवारी जाहीर केली.

मग मतं मोजण्याचं काम. गुप्त मतदानात खासदार विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘हो’ म्हणतो, हे या धंद्यातलं पहिलं गृहीत. म्हणून जाणता माणूस एकाच खासदाराकडे तीन वेगवेगळी माणसं पाठवतो आणि तीनही उत्तरं ताडून बघतो. ‘माझं मत तुम्हाला माहीतच आहे’ हे उत्तर विरोधातच धरायचं. हेझेल्टाइन स्वतः संसदेच्या व्हरांड्यांतून, चहाच्या खोलीतून फिरत होते. बाईंच्या मोहिमेचं काम होतं पीटर मॉरिसन यांच्याकडे. मिळालेले ‘हो’ त्यांनी खरे धरले आणि यादी भरभक्कम दिसली. मतदानाच्या दिवशी उमेदवार स्वतः पॅरिसमध्ये.

[दृश्य: पुन्हा वकिलातीचं अंगण.]

बाई पायऱ्या उतरून थेट कॅमेऱ्यांसमोर येतात आणि जाहीर करतात, दुसऱ्या फेरीतही मी उभी राहणार. कुणाशी बोलण्याआधी.

21 तारखेला संसदेतल्या आपल्या खोलीत त्यांनी मंत्र्यांना एकेकटं बोलावलं. एकत्र बसले असते तर कदाचित कुणी तोंड उघडलं नसतं. एकेकटा आला, आणि बहुतेकांनी थोड्याफार फरकानं तेच सांगितलं: मी तुमच्या बाजूनं आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. काही वर्षं जे टिपणांत, बाद मतपत्रिकांत आणि राजीनाम्यांत होतं, ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा समोर बसून ऐकावं लागलं. 22 तारखेच्या सकाळी त्यांनी माघार जाहीर केली.

दुसरी फेरी 27 नोव्हेंबरला. आता 15 टक्क्यांची अट नाही, 187 पुरे. अर्थमंत्री जॉन मेजर 185, हेझेल्टाइन 131, परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड 56. मेजर यांना दोन मतं कमी पडली, आणि बाईंना आठवड्यापूर्वी मिळाली होती त्यापेक्षा 19 कमी मिळाली. हेझेल्टाइन आणि हर्ड यांनी तासाभरातच माघार घेतली. तिसरी फेरी झालीच नाही. मेजर यांनी हेझेल्टाइनना पर्यावरण खातं दिलं. स्थानिक कर त्याच खात्याकडे होता. 21 मार्च 1991 ला पोल टॅक्स रद्द होणार अशी घोषणा सभागृहात केली ती हेझेल्टाइन यांनी.